अठरा पेशंट, एकोणीस डोकी

वॉर्डात माणूस कमी भरणं मी माझ्या नोकरीत तीनदा पाहिलं. जास्त भरलेलं एकदाच. कमी भरला की काय करायचं ते आम्हाला ठाऊक होतं. वॉचमनला हाक मारायची, दारं लावायची, बाथरूम, गच्ची, मागची भिंत बघायची आणि मग चौकीत कळवायचं. जास्त भरला तर काय करायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. एका दुपारी आमच्या अकरा नंबरात अठराचे एकोणीस झाले, आणि तो एकोणिसावा सापडला म्हणून मी आज धडधाकट बसून हे लिहिते आहे.

अकरा नंबर म्हणजे कोल्हापुरातल्या आमच्या हॉस्पिटलचा मानसिक आजारांचा वॉर्ड. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं, पण रिक्षावाल्यांपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे अकरा नंबरच म्हणायचे. मध्ये लांब व्हरांडा, एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष, दोन्हीकडे लोखंडी जाळीची दारं आणि एक मोठी किल्ली. ती ड्यूटीवरच्या सिस्टरच्या कमरेला असायची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथं गेले आणि सतरा वर्षं राहिले. लोक पहिल्यांदा हेच विचारतात, की पेशंट मारायचे का? सतरा वर्षांत मी एक थप्पड खाल्ली. ती एका पेशंटच्या भावानं मारली होती, आणि तो अगदी शहाणा माणूस होता.

बाहेरच्यांसाठी एक शब्द सांगून ठेवते. ड्यूटी बदलताना जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला सगळं सोपवते, त्याला आम्ही 'ओव्हर देणं' म्हणतो. दुपारी दोन वाजता दुपारपाळीची सिस्टर आली की आधी किल्ली, मग औषधांचं कपाट, मग कात्री आणि नेलकटर, कारण आमच्याकडे नेलकटरसुद्धा मोजून ठेवावं लागायचं. मग माणसं मोजायची. आणि शेवटी रिपोर्टचं रजिस्टर, त्यात प्रत्येक पेशंटच्या नावापुढे दिवसभराची एक-दोन वाक्यं. सगळ्यात शेवटचा रकाना पेशंट वॉर्डातून गेला की भरायचा. त्यात बहुतेक वेळा 'बरे होऊन घरी' असं लिहिलेलं असायचं. हे मुद्दाम सांगते, कारण अकरा नंबरात गेलेला माणूस परत येत नाही अशी लोकांची समजूत होती. ते लिहिताना आम्ही अक्षर जरा चांगलं काढायचो.

मला तिथं पाठवलं ते माझ्या स्वभावामुळे. आमचं लिंगायत घर, सीमेकडच्या गावात अप्पांचं कापडाचं दुकान. गिऱ्हाईक दहा साड्या उलगडून, नावं ठेवून, हात हलवत निघालं तरी हसत घड्या घालायच्या, हे आम्हा भावंडांना लहानपणापासून लावलेलं वळण. घरात कुणी आवाज चढवला की आमची अव्वा, म्हणजे आई, फक्त बघायची, तेवढ्यानंच गप्प व्हायला व्हायचं. मेट्रन मला म्हणाल्या, "तोडकर, तू शांत आहेस. तुला अकरा नंबर जमेल." मला त्याचा अभिमान वाटला.

त्याच आठवड्यात तिथं चौगुले सिस्टर आली. तिला शिक्षा म्हणून पाठवलं होतं. सर्जरीच्या एका डॉक्टरांनी पेशंटसमोर तिला मूर्ख म्हटलं, तर तिनं पेशंटसमोरच त्यांचा हिशेब चुकता केला होता. चौगुले मुरगूडची, शेतकऱ्याची लेक. उंच, दणकट, आवाज असा की ओपीडीपर्यंत ऐकू जावा. आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, पण चौगुलेच्या तोंडून ते ऐकताना खरंच कुणी पैलवान आत आल्यासारखं वाटायचं. ती पहिल्या दिवशी व्हरांड्यात उभी राहून म्हणाली, "मी आलोय बरं का. कुणी मला घाबरू नका, मी बी कुणाला घाबरत न्हाय." त्या क्षणी ती चांगलीच घाबरलेली होती, हे तिनं मला नंतर सांगितलं.

सगळ्या हॉस्पिटलचं मत असं पडलं, की चौगुले महिनाभरही टिकणार नाही आणि तोडकर इथंच रिटायर होईल. हे मत किती चुकलं त्याचीच ही गोष्ट आहे.

या कामात शरीर दमतं ते झोपून भरून निघतं. डोकं दमतं त्याला प्रत्येकीनं आपापला उतारा शोधलेला होता. आमची एक सिस्टर घरी गेल्यावर अंघोळ केल्याशिवाय पोरांना हात लावायची नाही; रोग काही अंगाला चिकटणारा नव्हता, पण तिला बरं वाटायचं. दुसरी आठवड्यातून तीन उपास करायची आणि उरलेल्या चार दिवसांत त्याची भरपाई करायची. एक होती ती कशालाही "आपलं काय जातंय" म्हणायची. तिची तब्येत शेवटपर्यंत उत्तम राहिली, फक्त पेशंट तिला हाक मारायचे नाहीत. आणि एक बिचारी प्रत्येकाचं दुःख पदरात बांधून घरी न्यायची. ती दोन वर्षांत नोकरी सोडून गेली. आता शाळेचे गणवेश शिवते आणि गाढ झोपते.

चौगुलेचा उतारा म्हणजे गाद्या. अकरा नंबरातल्या गाद्या कापसाच्या. त्या ओल्या व्हायच्या, वास यायचा, म्हणून रोज चार-पाच गाद्या गच्चीवर उन्हात टाकून वेताच्या काठीनं झोडपायच्या. हे काम आनंदीमावशींचं. मावशी म्हणजे आमची आया, वॉर्डात सगळ्यांत जुनी. पण चौगुलेनं ते काम त्यांच्याकडून काढून घेतलं. कुणी तिच्या अंगावर थुंकलं, कुणा नातेवाइकानं आईला दारात सोडून पळ काढला, डॉक्टर बोलले, की चौगुले शांतपणे म्हणायची, "मी गाद्या झटकून येतो." मग गच्चीवरून धपाधप आवाज आणि तिच्या निवडक शिव्या. पाच-दहा मिनिटांनी केसांत कापूस घेऊन खाली यायची आणि त्याच थुंकणाऱ्या बाईला भरवायला बसायची. हळूहळू सगळ्याच म्हणायला लागल्या, "मी जरा गाद्या झटकून येते." बाथरूममध्ये जाऊन रडायचं असलं तरी तेच म्हणायच्या.

मी कधी गेले नाही. मला गरज वाटली नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे.

आमच्यातला फरक समजायला गोलीची गोष्ट पुरे. शिवाजी पेठेतला तिशीचा गडी, पेठेच्या टीमचा जुना गोलकीपर, म्हणून त्याला सगळे गोलीच म्हणायचे. आजार वाढला की तो तीन-तीन दिवस झोपायचा नाही आणि सगळ्या वॉर्डाला फुटबॉल शिकवायचा. औषधानं बराच उतरला होता, घरी जायच्या बेतात होता. एका दुपारी ओव्हरला माणसं अठराच्या जागी सतरा भरली. मी परत मोजली, सतराच. गोली नव्हता. जाळीचं दार मीच दोन मिनिटं उघडं ठेवलं होतं, जेवणाची गाडी बाहेर काढताना.

मी वॉचमनला बोलावलं, यादी केली, फोन केले, आवाज जराही चढू दिला नाही. चौगुले मात्र व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होती, "आता त्याच्या आईला काय सांगू गं मी," म्हणून सगळ्यांदेखत रडत होती. मग गच्चीवर जाऊन तिनं अशा गाद्या झोडपल्या, की एक फाटली. संध्याकाळी सहाच्या सुमारास दाराशी आवाज आला. गोली वॉचमनला सांगत होता, "अवो पावणं, दार उघडा की. वळखलं न्हाय व्हय?"

चौगुलेनं त्याची कॉलरच धरली. "कुठं गेलतास रं मुडद्या?"

"मॅच बघाय गेलतो की. आज आपली फायनल हुती."

"आनी सांगून जायाला काय झालतं?"

"सांगितलं असतं तर सोडलं असतं व्हय तुमी?" मग खाली मान घालून म्हणाला, "हरलो वो सिस्टर. म्हणून लगीच आलो. जिंकलो असतो तर मिरवणूक करूनच आलो असतो."

चौगुले त्याच्या गळ्यात पडून हसली, मग त्याला शिव्या दिल्या, मग दोघांनी मिळून नवीन गोलकीपरला शिव्या दिल्या. लेखी खुलासा मागवला तेव्हा तिनं लिहून दिलं, 'पेशंट सामना पाहून स्वतःहून परत आला. यावरून पेशंट बरा झाल्याचे दिसते.' चूक माझी होती, पण तिनं खुलाशात दाराचा विषयच काढला नाही. मोठ्या डॉक्टरांनी मात्र मला शाबासकी दिली, की अशा प्रसंगी डोकं थंड ठेवावं तर तोडकर सिस्टरसारखं. त्या दिवशी घरी जाऊन मी तासभर तांदूळ निवडत बसले होते. तांदूळ आधीच निवडलेले होते.

आता सोनाबाईचं सांगते. हे लिहायला मला दिवाळी अंकाच्या संपादकांना दोनदा मुदत वाढवून मागावी लागली.

सोनाबाई राधानगरीकडच्या एका वाडीतली. भातशेती, दोन म्हशी, डेअरीला दूध. वर्षभर हळूहळू बोलायची बंद झालेली. नवरा भला माणूस, तिला आणून सोडताना म्हणाला, "कामात वाघीण हुती वो सिस्टर, आता म्हसरं वरडत्यात तरी हिला ऐकू येत न्हाय." ती कॉटवर बसून असायची. त्रास नाही, रडणं नाही. गोळ्या दिल्या की घ्यायची, तोंड उघडून दाखवायची. मला असे पेशंट आवडायचे. नऊ दिवस मी तिच्या नावापुढे एकच ओळ लिहिली: 'शांत. गोळ्या घेतल्या.'

दहाव्या दिवशी चौगुलेचं कुणाशी तरी वाजलं आणि ती गाद्या घेऊन गच्चीवर गेली. त्यांत सोनाबाईची गादी होती. दोन फटके बसले आणि उसवलेल्या शिवणीतून गोळ्या बाहेर सांडल्या. सोनाबाई गोळ्या गिळतच नव्हती, साठवत होती. कशासाठी, ते आम्हा सगळ्यांना कळलं. तिनंच संध्याकाळी चौगुलेच्या मांडीवर डोकं ठेवून सांगितलं, की अमावास्येची वाट बघत होते. अमावास्या दोन दिवसांवर होती.

चौगुले गच्चीवरून खाली आली ती मुठीत गोळ्या घेऊनच. तिनं रजिस्टर माझ्यासमोर उघडलं आणि एकेका दिवसावर बोट आपटत वाचलं. "शांत. शांत. शांत. अगं, मेलेलं माणूस बी शांतच असतंय की गं तोडकर! बाई करत काय हुती ते लिहायचं हुतं. जेवली का, कुणाकडं बघितली का, हाक मारल्यावर ओ दिली का. शांत म्हंजे काय?" सगळे पेशंट, मावशी, डॉक्टर ऐकत होते.

मी म्हणाले, "चुकलं माझं." आवाज नेहमीसारखाच. मला वाटलं होतं रडू येईल, ते आलं नाही.

त्या दिवसापासून अकरा नंबरात 'शांत' हा शब्द लिहायला बंदी झाली. चौगुलेनं रजिस्टरच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवलं: 'शांत लिहू नये. काय केले ते लिहावे.' नवीन सिस्टर आली की तिला हे पान आधी दाखवायचो. सोनाबाई पुढे तीन महिन्यांनी घरी गेली. तिच्या शेवटच्या रकान्यात 'बऱ्या होऊन घरी' मीच लिहिलं, चौगुलेनं मुद्दाम मला लिहायला लावलं. तेव्हा मला वाटलं, संपलं हे प्रकरण.

ते संपलं नव्हतं. पुढच्या तीन-चार वर्षांत मला काय झालं हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, काही नाही. मी वेळेवर जात होते, जास्तीच्या ड्यूट्या करत होते, रजा मागत नव्हते. फक्त प्रत्येक पेशंटची गादी मी स्वतः चाचपायला लागले, दिवसातून चार-पाचदा. कॉटवर कुणी बसलेलं असेल तरी. आणि आतून काहीतरी विझत गेलं. एक मुलगी बरी होऊन घरी निघाली, माझ्यासाठी पेढे घेऊन आली, पायाशी वाकली. मी "बरं झालं" म्हणाले आणि मनात तिचं नाव आठवत राहिले. दोन महिने मी तिला रोज भरवलं होतं.

घरीही तेच. माझे मिस्टर फौंड्रीत सुपरवायझर, दिवसभर भट्टीच्या आवाजात काम करून आलेला माणूस, त्यांना बोलायला हवं असायचं. मी "हं, बरं, असू दे" एवढंच म्हणायचे. हा आमचा वॉर्डातला आवाज. चिडलेल्या पेशंटशी बोलायचा, सपाट, काहीच न चढणारा. तो आवाज मी कमरेच्या किल्लीबरोबर ओव्हरला द्यायला हवा होता, पण घरी घेऊन जात होते. आमची मुलगी पल्लवी तेव्हा दहा वर्षांची. तिनं शाळेत कुणाची तरी पाटी... नाही, पाटी नव्हे, कंपास मोडला, बाईंची चिठ्ठी आली. मी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "हं. बरं. बस." ती बसली नाही. मग म्हणाली, "आई, मी पेशंट न्हाई." आणि पुढे ती मला शाळेतलं काही सांगेनाशी झाली. चिठ्ठ्या थेट वडिलांकडे जायला लागल्या.

त्या आठवड्यात मी राजीनामा लिहिला आणि पर्समध्ये ठेवला. नोकरी सोडली की मुलगी परत मिळेल असं वाटत होतं. पण घरी बसूनही मी अशीच राहिले तर, ही भीती त्याहून मोठी होती, म्हणून तो कागद महिनाभर पर्समध्येच फिरला.

आणि मग ती दुपार. आषाढ होता, कोल्हापुरातला आषाढ, चार दिवस ऊन नव्हतं. गाद्या वाळत नव्हत्या. सगळे पेशंट हॉस्पिटलची करडी ब्लँकेटं अंगावर घेऊन व्हरांड्यातल्या लांब बाकांवर दुपारच्या गोळ्यांसाठी बसले होते. मी सकाळपाळी संपवून ओव्हर देणार होते, चौगुले घेणार होती. ती औषधांचं कपाट तपासत होती. मला थंडी वाजत होती म्हणून मी एक ब्लँकेट डोक्यावरून घेतलं आणि बाकाच्या टोकाला जरा टेकले. एक मिनिटभर, असं मला वाटलं.

आनंदीमावशी माणसं मोजायच्या त्या मागून. बाकांमागून चालत जायचं आणि प्रत्येक डोक्यावर हात ठेवत आकडा म्हणायचा. तोंडं बघितली की पेशंट बोलायला लागतात आणि आकडा चुकतो, हा त्यांचा अनुभव. शेवटी त्यांनी आरोळी दिली, "एकोणीस!"

आतून चौगुले म्हणाली, "मावशी, अठरा हायत."

"मग परत मोजतो." पुन्हा डोक्यांवरून हात फिरला. माझ्याही डोक्यावरून फिरला, मला तो चांगला आठवतो, उबदार होता. "एकोणीसच हायत वो बाई."

चौगुले बाहेर आली, दारातून तिनं मोजलं. एकोणीस. मग एकच गोंधळ. कुणी नातेवाईक आत राहिला का, शेजारच्या वॉर्डातलं कुणी घुसलं का, वॉचमननं दार नीट लावलं होतं का. तोडकर कुठं गेली, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. एक पेशंट म्हणाला, "र्‍हाऊ द्या की सिस्टर, आलाय पावणा तर च्या द्या त्याला." सगळे हसले. शेवटी चौगुलेनं रजिस्टर घेतलं आणि मोठ्यानं नावं वाचायला सुरुवात केली. नाव वाचलं की ओ यायची. मी ऐकत होते. अठरा नावं झाली, अठरा ओ आल्या, रजिस्टर मिटलं. बाकाच्या टोकाला एक ब्लँकेट उरलं.

"आनी ह्यो कोन?" म्हणत चौगुले आली आणि तिनं माझ्या डोक्यावरचं ब्लँकेट ओढलं.

मी वर बघितलं आणि म्हणाले, "सिस्टर, माझं नाव राहिलं."

सगळा व्हरांडा हसला. तोडकर सिस्टरांनी पहिल्यांदा चेष्टा केली म्हणून मावशींनी तर टाळी वाजवली. चौगुले हसली नाही. तिला कळलं होतं, आणि तिच्या तोंडाकडे बघून मलाही कळलं. मी चेष्टा केली नव्हती. मी खरोखर माझं नाव कधी येतं म्हणून थांबले होते.

त्या दिवशी मी किल्ली आधी द्यायची विसरले होते; ती चौगुलेनं माझ्या कमरेची काढून घेतली. मग माझ्या शेजारी बाकावर बसली, मांडीवर रजिस्टर उघडलं, अठरा ओळींच्या खाली एकोणिसावी ओळ आखली आणि लिहायला लागली. लिहून झाल्यावर तिनं ते वाचून दाखवलं, फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात. तिला तेवढा बारीक आवाज काढता येतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

'तोडकर सिस्टर. बाकावर बसून होत्या. सकाळपासून चहा घेतला नाही. दोनदा डोक्यावर हात ठेवला तरी बोलल्या नाहीत. महिनाभरात हसल्या नाहीत, भांडल्या नाहीत. लक्ष द्यावे.'

ती म्हणाली, "मला आदीच लिहायला पायजे हुतं. तुला सगळी शांत शांत म्हणत्यात, त्यात मी बी फसलो. चल."

गच्चीवर पाऊस होता, म्हणून तिनं मला गाद्यांच्या खोलीत नेलं. ओल्या कापसाच्या वासाची ती अंधारी खोली. तिनं हातात वेताची काठी दिली. मी म्हणाले, मला नाही जमत. ती म्हणाली, "जमतंय का बघ की. गादी काय वरडणार हाय व्हय?" मी एक फटका मारला, साडीवरची धूळ झटकावी तसा. "हाट्, असं व्हय! काय नाव हाय तुझ्या मनात, ते घे आनी मार."

दुसऱ्या फटक्याला माझ्या तोंडून "सोनाबाई" निघालं. मग काय काय निघालं ते मला सगळं आठवत नाही. मेट्रन, अप्पा, ती पेढ्यांची मुलगी, नऊ दिवसांचे ते नऊ 'शांत', आणि सगळ्यात जास्त मी स्वतः. मी इतकी ओरडले, की बाहेर पेशंट घाबरले आणि मावशी त्यांना समजावत होत्या, "काय न्हाय, काय न्हाय, सिस्टर गाद्या झटकाय लागल्यात." शेवटी मी गादीवरच बसले आणि लहान मूल रडतं तशी रडले. चौगुले दाराला पाठ लावून उभी होती, कुणी आत येऊ नये म्हणून. इतकं हलकं मला बाळंतपणानंतरही वाटलं नव्हतं.

पुढचं सरळ आहे. चौगुलेनं मला तशीच, केसांत कापूस असलेली, डॉक्टरांसमोर उभी केली. त्यांनी दोन महिने रजा दिली आणि गोळ्या लिहून दिल्या. त्याच गोळ्या मी इतकी वर्षं दुसऱ्यांना तोंड उघडायला लावून देत होते. घरी मिस्टर रोज सकाळी गोळी देऊन म्हणायचे, "आ कर." मला लाज वाटायची, मग तिचीही सवय झाली.

रजेच्या पाचव्या आठवड्यात एका सकाळी पल्लवीनं दप्तर चुलीशेजारी टाकलं, म्हणजे गॅसशेजारी, दूध उकळत होतं, पातेलं सगळं दप्तरावर. आणि मी ओरडले. "डोळे फुटलेत का गं तुझे! किती वेळा सांगायचं, दप्तर इथं ठेवू नको!" आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. पल्लवीनं दप्तराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग तिनं बाहेरच्या खोलीकडे धूम ठोकली आणि आनंदानं किंचाळली, "पप्पा! आई वरडली! आई माझ्यावर वरडली!"

मिस्टर अर्धी दाढी केलेले, तोंडाला साबण, धावत स्वयंपाकघरात आले. दोघं दारात उभे राहून माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "काय बघताय? फडकं आणा." त्या दिवशी पल्लवी शाळेतून आली ती सरळ माझ्याकडे, आणि तासभर बोलत होती. राजीनाम्याचा कागद मी ओल्या दप्तरात पुस्तकं वाळावीत म्हणून घातला होता, तो तसाच चिकटून गेला.

मी अकरा नंबरात परत गेले आणि आणखी बरीच वर्षं राहिले. फरक एकच पडला. ओव्हरमध्ये पेशंटची मोजणी झाली की सिस्टरांचीही व्हायला लागली. "पेशंट अठरा, सिस्टर दोन," असं म्हणायचं, आणि प्रत्येकीनं स्वतःविषयी एक खरं वाक्य सांगायचं. 'आज वैताग आलाय.' 'सासूशी भांडून आलेय.' 'आपलं काय जातंय' म्हणणारी आधी हसली, मग एक दिवस ओव्हरला म्हणाली, "मला घरी जावंसं वाटत नाही." त्यापुढे तीही गाद्या झटकायला लागली. वरून कुणाचा हुकूम नव्हता, कुठल्या फाइलीत नोंद नव्हती. त्या गणवेश शिवणाऱ्या सिस्टरला आम्ही वेळेवर मोजलं असतं तर ती राहिली असती, ही रुखरुख मात्र मला आहे.

सोनाबाई वर्षातून दोनदा तपासणीला यायची, पिशवीतून तांदूळ आणायची. रजेनंतर ती पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, तिची माफी मागितली. ती तांदूळ माझ्या पदरात ओतत म्हणाली, "मला ठावं हुतं की वो. तुमी गोळ्या द्याय याचा तवा मला वाटायचं, ह्या बी माझ्यागतच हायत. कोन बघनार आपल्याकडं." पेशंटनं सिस्टरला आधी ओळखलं होतं. सिस्टरला पेशंट ओळखू आली नव्हती.

सतरा वर्षांनी माझी बदली झाली, इन्चार्ज म्हणून दुसऱ्या वॉर्डात. शेवटच्या दिवशी दुपारी दोनला ओव्हर घ्यायला चौगुलेच होती, केस पांढरे, आवाज तोच. किल्ली दिली, कपाट दिलं, नेलकटर दिलं. माणसं मोजली, बरोबर भरली. मग चौगुलेनं रजिस्टर पुढे ओढलं, पेशंटच्या ओळींच्या खाली एक ओळ आखली आणि लिहीत बसली. मी वाकून बघायला गेले तर हातानं झाकलं. झाल्यावर माझ्यापुढे सरकवलं.

'तोडकर सिस्टर. सकाळी मावशींशी चहावरून भांडल्या. दोनदा मोठ्याने हसल्या. आता रडत आहेत.'

आणि शेवटच्या रकान्यात, जरा चांगलं अक्षर काढून: 'बऱ्या होऊन घरी.'